अंदमानवरची इंटरॅक्टिव्ह डॉक्युमेंटरी: प्रेक्षकाच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये

प्रश्न विचारलाय खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांनी आणि बेळगावात डिझाइन शिकणाऱ्या त्यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी. थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात अंदमान साडेतीन वर्षं जपानी सैन्याच्या ताब्यात होतं. त्या काळातल्या साध्या माणसांच्या जगण्यावर त्यांना इंटरॅक्टिव्ह डॉक्युमेंटरी, म्हणजे प्रेक्षक स्वतः वाट निवडत पाहतो असा माहितीपट, करायची आहे. नात्यातल्या एका कुटुंबामुळे पोर्ट ब्लेअरमधल्या काही घरांच्या मुलाखती मिळाल्यात, सुमारे नऊ तासांचा ऑडिओ आणि थोडे जुने फोटो. 'तुम्ही पोर्ट ब्लेअरचे रहिवासी आहात, आता काय कराल?' असे पर्याय प्रेक्षकाला द्यायचा विचार आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, फाटे किती ठेवावेत, आणि मराठीतच करावं की कन्नडमध्येही?

सॉफ्टवेअरचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते मागे ठेवतो. तुमच्यासमोरची खरी अडचण वेगळी आहे. शत्रूच्या ताब्यात अडकलेल्या माणसापाशी निवडीला जागा जवळजवळ नसते, आणि आजूबाजूला काय चाललंय याची माहिती त्याहून कमी असते. इंटरॅक्टिव्ह माध्यम मात्र निवडीवरच उभं असतं. हे दोन्ही एकमेकांना विरुद्ध दिशेला ओढतात. डिझाइनचं सगळं काम या ओढाताणीतून वाट काढण्याचं आहे.

काही गोष्टी तुमच्या सामग्रीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. १९४२ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे गेले. म्हणजे तुमच्या नऊ तासांतला बराच भाग मुलांनी किंवा नातवंडांनी सांगितलेला असणार, स्वतः पाहिलेला नव्हे. दुसऱ्या पिढीची आठवणही मोलाची आहे, पण तिला प्रत्यक्षदर्शी म्हणून मांडता येत नाही. नऊ तासांत प्रत्यक्षदर्शी एक तास जरी निघाला तरी रचना त्याच्याभोवती उभी राहील. अजिबात नसेल तर डॉक्युमेंटरीचा विषयच थोडा सरकतो: 'त्या काळाबद्दल घरात काय बोललं गेलं आणि काय टाळलं गेलं.' तोही चांगला विषय आहे, फक्त तो कोणता ते पहिल्याच पडद्यावर सांगावं लागेल.

'तुम्ही काय कराल?' हा खेळ करू नका. दोन कारणं आहेत. पहिलं गणिताचं: दर टप्प्याला तीन पर्याय आणि पाच टप्पे धरले तर २४३ शेवट होतात. तेवढी सामग्री तुमच्याकडे नाही, म्हणून बहुतेक वाटा कल्पनेने भराव्या लागतील, आणि खऱ्या माणसांच्या मृत्यूशेजारी तुम्ही रचलेले प्रसंग जाऊन बसतील. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. पर्याय दिला की प्रेक्षकाला वाटतं, नीट निवडलं तर माणूस वाचतो. मग जे वाचले नाहीत ते चुकले, असा अर्थ नकळत निघतो. ३० जानेवारी १९४४ ला पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजला जपानी सैन्याने ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या कुठल्या निर्णयामुळे ते घडलं असं सुचवणारी रचना त्यांच्या नातवंडांसमोर ठेवता येईल का, याचा विचार करा.

मग प्रेक्षकाच्या हातात काय द्यायचं? कोणाचं ऐकायचं, कुठे थांबायचं, कोणता कागद जवळून पाहायचा, हे सगळं खुशाल द्या. आणि त्या माध्यमाची खरी ताकद एका गोष्टीसाठी वापरा: त्या दिवशी त्या माणसाला जेवढं माहीत होतं तेवढंच प्रेक्षकाला कळू द्या.

हे एका उदाहरणाने नीट दिसेल. जपानी सैन्य २३ मार्च १९४२ ला पोर्ट ब्लेअरला उतरलं. पुढे हेरगिरीच्या संशयावरून स्थानिकांची धरपकड झाली, सेल्युलर जेलमध्ये मारहाण झाली, कबुलीजबाब काढून घेतले गेले. त्याच काळात, १९४३ च्या जानेवारीपासून, डेनिस मॅकार्थी हा पूर्वी पोर्ट ब्लेअरच्या पोलीस खात्यात असलेला ब्रिटिश अधिकारी पाणबुडीतून छुप्या रीतीने बेटावर उतरून जंगलातून माहिती गोळा करत होता. जेलमध्ये मार खाणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला याचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. साध्या माहितीपटात निवेदक ही गोष्ट तिथेच सांगून टाकतो आणि प्रेक्षक शहाणा होऊन पुढे जातो. तुम्ही १९४३ च्या पानांवर ती येऊच देऊ नका. तिथे फक्त एवढंच असेल: शेजारच्याला नेलं, का नेलं ते कोणी सांगत नाही. प्रेक्षक १९४५ च्या शेवटापर्यंत पोचला की पाणबुडीचं पान उघडावं, आणि त्यानंतर तो मागे १९४३ ला गेला तर त्याच पानावर एक नवी ओळ दिसावी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. ब्राउझरमध्ये 'शेवट पाहिला' अशी एक खूण साठवली की झालं. पण प्रेक्षकाच्या मनात जे होतं ते सरळ चालणाऱ्या फिल्ममध्ये सहजी साधत नाही.

आता मराठी प्रेक्षकाबद्दल. आपल्याकडे अंदमान म्हटलं की सावरकर, कोलू आणि काथ्या. बेळगावात तर हिंडलग्याच्या तुरुंगामुळे सावरकरांची आठवण आणखी जवळची आहे. १९५० साली त्यांना तिथे स्थानबद्ध ठेवलं होतं. तुमचा प्रेक्षक ही ओळख घेऊनच येणार. ती झटकू नका, पण पहिल्या मिनिटातच तारीख स्पष्ट करा: सावरकर बंधूंना १९२१ मध्ये अंदमानातून परत आणलं, आणि १९३० च्या दशकाअखेरीस उरलेले राजकीय कैदीही मुख्य भूमीवर आणले गेले होते. १९४२ मध्ये बेटावर होती ती शिक्षा भोगून तिथेच स्थायिक झालेल्यांची मुलं-नातवंडं, मलबारातून पाठवलेली मोपला कुटुंबं, ब्रह्मदेशातून आलेले करेन, सरकारी कारकून, व्यापारी. बोलायची भाषा हिंदुस्तानी. सेल्युलर जेल पुन्हा भरलं ते या लोकांनी. हे पहिल्या पडद्यावर आलं नाही, तर अर्धे प्रेक्षक शेवटपर्यंत सावरकरांची कोठडी शोधत बसतील.

दृश्यांच्या बाबतीत हमखास होणाऱ्या चुका इथेच सांगतो. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावरचे वडाच्या मुळांनी वेढलेले अवशेष सगळेच बॉम्बहल्ल्याचे म्हणून दाखवले जातात. पण २६ जून १९४१ चा भूकंप जपानी येण्याआधीचा आहे आणि रॉसवरच्या इमारतींचं मोठं नुकसान त्यात झालं होतं. तिथले जपानी बंकर मात्र ताब्याच्या काळातले. तसंच सेल्युलर जेलच्या मूळ सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. आजचं ड्रोनचित्रण १९४२ चं म्हणून वापरलं तर ते खोटं ठरेल. सिंगापूरच्या रस्त्यावरच्या जपानी सैनिकांचे फोटो पोर्ट ब्लेअर म्हणून लावू नका. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं 'जुनं' चित्र एकही नको. असं एक चित्र सापडलं की तुमच्या खऱ्या फोटोंवरचाही विश्वास जातो.

चित्र नसेल तिथे काय करायचं? मोकळी जागा ठेवा. जपान्यांनी शरण जाण्याआधी आपली कागदपत्रं नष्ट केली, त्यामुळे त्या साडेतीन वर्षांत मोठाली भगदाडं आहेत. काळपट्टीवर ते महिने राखाडी ठेवा, त्यावर बोट ठेवलं की 'या काळातला कागद हाती नाही' एवढंच दिसू द्या. जिथे फक्त आवाज आहे तिथे आवाजच असावा, खाली बोललेले शब्द, बस.

रचनेचे आकडे असे धरा. नऊ तासांतून २४ ते २८ क्लिप काढा, प्रत्येकी ६० ते १२० सेकंदांच्या. एकूण ४० मिनिटांच्या आसपास. त्यांचे चार धागे करा: अन्न, श्रम, बातमी, तुरुंग. प्रत्येक धाग्यातल्या दोन-दोन क्लिप मिळून बारा मिनिटांची एक मूळ वाट तयार करा, जी कोणालाही काही न शोधता पूर्ण करता येईल. बाकीच्या क्लिप या वाटेवरून आत वळणाऱ्या आणि पुन्हा वाटेवरच येणाऱ्या असाव्यात. एका पडद्यावरून तीनपेक्षा जास्त दारं नकोत. आणि 'परत' हे बटण नेहमी एकाच जागी.

सुरुवात अन्नाच्या धाग्याने करा, तुरुंगाने नाही. तांदूळ बाहेरून यायचा. युद्धाच्या शेवटच्या काळात दोस्तांच्या नौदलामुळे जहाजं येईनाशी झाली आणि १९४५ मध्ये टंचाई भयानक झाली. अखेरीस ऑगस्ट १९४५ मध्ये शेकडो लोकांना, शेतीसाठी नेतो असं सांगून, हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरायला लावलं. बहुतेक बुडाले किंवा उपासमारीने गेले. ताटातला भात कमी होत जाणं ज्याने आधी ऐकलंय, त्याला हे शेवटचं पान का आलं ते सांगावं लागत नाही. किती लोक होते याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. एकच आकडा ठळक करू नका. 'शेकडो' लिहा आणि बोट ठेवल्यावर कोणत्या नोंदीत किती म्हटलंय ते दिसू द्या.

नेताजींचं पान सगळ्यांत जपून करावं लागेल. २९ ते ३१ डिसेंबर १९४३ ते पोर्ट ब्लेअरला होते, ३० तारखेला जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. त्या दिवसांत डॉ. दिवान सिंग, जे नेताजींच्या नेतृत्वाखालच्या इंडियन इंडिपेंडन्स लीग या संघटनेच्याच कामात होते, सेल्युलर जेलमध्ये होते. १४ जानेवारी १९४४ ला छळामुळे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सोळा दिवसांनी होम्फ्रेगंज. आपल्याकडे घराघरांत नेताजींचा फोटो असतो. एखादं शेरेबाज वाक्य आलं की प्रेक्षक दुखावतो, आणि काही लपवलं तर अंदमानच्या कुटुंबांवर अन्याय होतो. या तारखा एकाच उभ्या पट्टीवर, एकाच मापाच्या अक्षरात ठेवा. पार्श्वसंगीत नको, निवेदन नको. तुरुंगातल्या लोकांबद्दल नेताजींना किती कळलं होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पानावरही तसंच लिहा.

नकाशाला तारखेप्रमाणे नावं बदलायची सोय हवी. १९४३ मध्ये अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज म्हटलं गेलं. २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे नील. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. गावाच्या नावाने माणसं किती अस्वस्थ होतात हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. मुलाखतीत माणसाने जे नाव घेतलं तेच खालच्या शब्दांत ठेवा. नकाशावर काळाचं नाव मोठं आणि आजचं लहान.

आता सगळ्यांत कंटाळवाणं पण सगळ्यांत महत्त्वाचं काम: तक्ता. कोणतंही डिझाइन करण्याआधी साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक क्लिपची एक ओळ भरा. ती साधारण अशी दिसेल: क्लिप १४. बोलणारी व्यक्ती ड. कसं माहीत: घरात ऐकलं (आईकडून). विषय: रोजगारावर नेणं. ठिकाण: विमानपट्टीचं काम. काळ: १९४४, महिना नक्की नाही. भाषा: हिंदुस्तानी. परवानगी: आवाज चालेल, नाव नको. शंका: पट्टीचं काम की रस्त्याचं, पुन्हा विचारणे. भाषांतर तपासलं: नाही. 'कसं माहीत' या रकान्यात चारच उत्तरं ठेवा: स्वतः पाहिलं, घरात ऐकलं, गावात ऐकलं, वाचलं. हाच रकाना पुढे पडद्यावर छोट्या खुणेच्या रूपाने दिसेल, आणि प्रेक्षकाला प्रत्येक वाक्याचं वजन कळेल. हा रकाना नसला की ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट सारख्याच आवाजात ऐकू येतात. अशा कामांतला हा सर्वांत सामान्य दोष आहे.

परवानगी तीन पायऱ्यांची घ्या: नाव आणि चेहऱ्यासह, फक्त आवाज, किंवा फक्त संग्रहासाठी (प्रकाशन नाही). ती त्या माणसाच्या भाषेत समजावून सांगा आणि ते सांगणंही ध्वनिमुद्रित करा. पूर्वी घेतलेल्या मुलाखतींना 'हो, वापरा' एवढंच तोंडी मिळालं असेल तर ते पुरेसं नाही, कारण 'वेबवर कायम राहणार' हे तेव्हा सांगितलेलं नसतं. आणखी एक. छळाखाली लोकांनी दुसऱ्यांची नावं घेतली, काहींनी जुन्या वैरातून घेतली. मुलाखतीत 'अमक्याने नाव सांगितलं' असं येणारच. बेट छोटं आहे, त्या अमक्याची नातवंडं तिथेच राहतात. खबऱ्याचं नाव कापा, बीप न लावता. बीप लावला की प्रेक्षक नाव शोधायला लागतो. वाक्याच्या आधीच क्लिप संपवा.

बाहेरच्या कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आणि टोकियोचं आशियाई ऐतिहासिक नोंदींचं केंद्र ही दोन ठिकाणं ऑनलाइन मोफत पाहता येतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे फोटो वापरायचे तर परवाना घ्यावा लागतो. स्क्रीनशॉट काढून लावू नका. तुलनेसाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जपानी ताब्याच्या मौखिक मुलाखती ऐका, प्रश्न कसे विचारावेत ते तिथे शिकायला मिळतं. जपानी कागदांतल्या वेळा मात्र टोकियोच्या असू शकतात, आपल्या वेळेच्या साडेतीन तास पुढे. मध्यरात्रीची घटना पहाटेची होऊन बसते ती यामुळे.

तंत्राचं आता. तुमच्या आकाराच्या कामाला महागडं काही लागत नाही. रचना चाचपण्यासाठी ट्वाइन घ्या, मोफत आहे आणि कोड न लिहिता वाटा जोडता येतात. रचना पक्की झाली की साध्या एचटीएमएल पानांत करा, नकाशासाठी लीफलेट ही वेबपानात नकाशे दाखवणारी लायब्ररी. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर. निदान आठ-दहा ओळखीचे बिंदू द्या, किनाऱ्याचे नको, इमारतींचे आणि रस्त्यांच्या चौकांचे, कारण किनारा जुन्या नकाशांत अंदाजाने काढलेला असतो.

मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्येच जपा. वेबसाठी एका वाहिनीचं, ६४ केबीपीएसचं एमपीथ्री पुरतं; मिनिटाला साधारण अर्धा एमबी, म्हणजे ४० मिनिटं सुमारे २० एमबीत. फोटो १२८० पिक्सेल रुंदीचे आणि दीडशे केबीच्या आत. एकूण ३० एमबीच्या खाली राहिलात तर जांबोटी-कणकुंबीकडे, जिथे रेंज येते-जाते, तिथेही पहिल्यांदा उघडल्यावर सगळं फोनमध्ये साठवून नंतर नेटशिवाय चालवता येईल. शाळांसाठी पेन ड्राइव्हवर चालणारी प्रत वेगळी करा. संगणकावर पान थेट फाइलमधून उघडलं की काही ब्राउझर दुसऱ्या फाइलमधला मजकूर ओढू देत नाहीत, म्हणून तिथे सगळा मजकूर पानातच घाला.

मराठी की कन्नड? दोन्ही, आणि आवाज मूळ हिंदुस्तानीतच. डबिंग करू नका. म्हाताऱ्या माणसाचा थांबलेला श्वास डबिंगमध्ये जातो. भाषेची निवड पहिल्या पडद्यावर, दोन्ही नावं आपापल्या लिपीत आणि एकाच आकारात. आपल्या भागात कोणती भाषा वर आहे हे लोक आधी पाहतात, म्हणून ती शेजारी-शेजारी ठेवा. कन्नड भाषांतर मराठीवरून नको, थेट मूळ बोलण्यावरून, आणि तपासणारी व्यक्ती वेगळी. मराठी पानाला भाषेची खूण 'मराठी' अशीच द्या, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. खालच्या शब्दांच्या एका वेळी दोनच ओळी.

चाचणीला पाच-सहा जण पुरतात, पण ते वेगवेगळे हवेत: नववीतला मुलगा, कन्नड माध्यमातली मुलगी, एखादे निवृत्त सुभेदार, एखाद्या आजी. त्यांच्या हातात फोन द्या आणि मध्ये बोलू नका. कुठे बोट अडलं ते लिहा. नंतर एकच विचारा: हे कोणी कोणाला सांगितलं? त्याचं उत्तर चुकलं तर 'कसं माहीत'ची खूण पुरेशी दिसत नाही, असं समजा. तुरुंगाच्या पानांआधी काय येणार आहे याची सूचना आणि ते वगळून पुढे जायची वाट हवी. शाळेत दाखवणार असाल तर ती सक्तीचीच धरा.

आणि लगेच नऊ तासांना हात घालू नका. एकच मुलाखत घ्या, शक्यतो प्रत्यक्षदर्शीची. तिचे शब्द वेळेसह उतरवा, तक्ता भरा, तीन क्लिप काढा, तीन पानं बांधा, त्या कुटुंबाला पोर्ट ब्लेअरला पाठवून दाखवा. एका तासाचं बोलणं उतरवायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे उतरवण्याचंच काम साठ-सत्तर तासांचं आहे. ते तिघांत कसं वाटायचं ते त्या पहिल्या मुलाखतीनंतर ठरवा. कुटुंबाने एखादी क्लिप काढायला सांगितली तर ती काढा आणि तक्त्यात नोंद ठेवा.